लिम्फोमा : गाठ नेमकी कोणती?

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला विषय दिलाय ‘लिम्फोमावरची नवी औषधं’. औषधांवर मी येणारच आहे. पण मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट मला क्वचित भेटतो, त्याची गाठ मात्र फॉर्मॅलिनच्या डबीतून रोज भेटते. तेव्हा सुरुवात गाठीपासून करते.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती सुजलेली लिम्फ नोड. अशा शेकडो गाठी मानेत, काखेत, पोटात असतात आणि तिथे बी-पेशी आणि टी-पेशी या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायची तयारी करतात. यातलीच एखादी पेशी बेबंद वाढू लागली की लिम्फोमा होतो. त्याचे डझनावारी प्रकार आहेत. काही इतके संथ, की डॉक्टर म्हणतात, तूर्त औषध नको, नुसतं लक्ष ठेवू. उलट बर्किट लिम्फोमातल्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. आपल्याकडे दोन्हींना ‘गाठींचा कॅन्सर’ म्हणतात आणि एकाच्या अनुभवावर दुसऱ्याला सल्ले देतात. इथेच सगळा घोळ होतो.

बहुतेक लिम्फोमा बी-पेशींचे असतात, आणि त्याला कारण आहे. बी-पेशीचं काम अँटिबॉडी बनवणं. लाखो प्रकारच्या जंतूंसाठी लाखो प्रकारच्या अँटिबॉडी हव्यात, म्हणून ही पेशी स्वतःचाच डीएनए कापते आणि जोडते. अस्थिमज्जेत घडताना एकदा, आणि पुढे लिम्फ नोडमधल्या जर्मिनल सेंटरमध्ये पुन्हा. तिथे तर ‘एड’ नावाचं एन्झाइम अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका घडवून आणतं, आणि त्यातून जी अँटिबॉडी जंतूला सर्वांत घट्ट चिकटते ती निवडली जाते. विलक्षण यंत्रणा आहे ही, पण जोखमीची. कापलेली टोकं कधीतरी भलतीकडेच जोडली जातात.

14व्या गुणसूत्रावर अँटिबॉडीच्या जड साखळीचं जनुक असतं. बी-पेशीत तिथली लाइन चोवीस तास चालू. चुकून दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा तिथे येऊन जोडला गेला, की त्यावरच्या जनुकानं चालू तारेवर आकडा टाकलाच म्हणून समजा. मीटर नाही, बिल नाही, वीज अखंड. 8व्या गुणसूत्रावरचं ‘मिक’ जनुक असं जोडलं गेलं की बर्किट लिम्फोमा. 11व्यावरचं सायक्लिन डी-1 जोडलं गेलं की मँटल सेल लिम्फोमा. 18व्यावरचं बीसीएल-2 आलं तर फॉलिक्युलर लिम्फोमा.

बर्किटचं नाव आलं म्हणून सांगते. डेनिस बर्किट हे युगांडात काम करणारे आयरिश सर्जन. मुलांच्या जबड्यात झपाट्यानं वाढणाऱ्या गाठींवर त्यांनी 1958 मध्ये लिहिलं. पुढे 1961 मध्ये लंडनला त्यांचं भाषण झालं, ते ऐकायला अँथनी एपस्टाइन बसले होते. या गाठींमागे विषाणू असेल का, ही शंका त्यांनी तिथूनच घेतली आणि 1964 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो विषाणू सापडला. तोच एपस्टाइन-बार व्हायरस. भाषणाला गेल्याचा एवढा फायदा सगळ्यांनाच होतो असं नाही, पण तुम्ही आलात हे बरं केलंत.

आता बीसीएल-2 वर थोडं थांबते, कारण मला स्वतःला ही गोष्ट सर्वांत बोधक वाटते. हे जनुक ऐंशीच्या दशकाच्या मध्याला फॉलिक्युलर लिम्फोमात सापडलं. सगळ्यांची समजूत अशी, की कॅन्सरचं जनुक म्हणजे पेशींना भराभर विभागायला लावणारं. 1988 मध्ये मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की बीसीएल-2 पेशीला पळवत नाही, तिला मरू देत नाही. निकामी पेशीनं आपण होऊन मरायचं असतं, तो शरीराचा नियम आहे. बीसीएल-2 तो नियम रोखून धरतं. फॉलिक्युलर लिम्फोमा संथ का, आणि नेहमीच्या केमोथेरपीनं तो मुळापासून का जात नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

यावर नेमकं बसणारं औषध यायला जवळपास तीन दशकं लागली. व्हेनेटोक्लॅक्स. 2016 मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली, पण क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्यूकेमिया या बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी. त्या आजारात 14व्या गुणसूत्रावर टाकलेला असा आकडा बहुधा नसतो, पण बीसीएल-2चं प्रथिन भरपूर असतं आणि पेशी त्याच्यावरच तगून असतात. या गोळीनं पेशी इतक्या झपाट्यानं मरतात, की त्यांचा मलबा मूत्रपिंडांना झेपत नाही. म्हणून 20 मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत 400 पर्यंत चढवतात. आणि ज्या फॉलिक्युलर लिम्फोमात हे जनुक सापडलं, तिथे? तिथे ही गोळी एकटी फारशी चालली नाही. प्रथिन सापडलं म्हणजे पेशी त्याच्यावर अवलंबून आहे असं होत नाही. शिवाय बीसीएल-2चा हाच आकडा असलेल्या थोड्या पेशी धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. ‘जनुकाची टेस्ट केली की औषध ठरलं’ अशा जाहिराती वाचल्या की म्हणूनच माझं डोकं फिरतं.

रिटुक्सिमॅबचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. बी-पेशीच्या पृष्ठभागावर सीडी20 नावाचं प्रथिन असतं. रिटुक्सिमॅब ही त्याला चिकटणारी, कारखान्यात बनवलेली अँटिबॉडी. 1997 मध्ये आली. सीडी20 हे लक्ष्य सोयीचं आहे, कारण ते अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर नसतं, त्यामुळे नव्या बी-पेशी पुन्हा तयार होतात. आणि अँटिबॉडी पुरवणाऱ्या प्रौढ प्लाझ्मा पेशींवरही नसतं, म्हणून जुनी प्रतिकारशक्ती एकदम कोसळत नाही. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा या वेगानं वाढणाऱ्या प्रकारासाठी सीएचओपी ही चार औषधांची केमो पूर्वीपासून होती. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत 60 ते 80 वयाच्या रुग्णांमध्ये नुसत्या सीएचओपीनं 63 टक्के लोकांचा आजार पूर्ण मावळला, रिटुक्सिमॅब जोडल्यावर 76 टक्के. 2007 मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि किंमत उतरली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : हे इंजेक्शन सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. यकृतात दडून बसलेला विषाणू यानं पुन्हा उसळू शकतो.

दुसरा धागा बीटीकेचा. 1952 मध्ये अमेरिकन लष्करातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी एका मुलाची नोंद केली, ज्याच्या रक्तात अँटिबॉडी जवळजवळ नव्हत्याच. कारण 1993 मध्ये कळलं. ब्रूटन टायरोसिन कायनेज, म्हणजे बीटीके, हे एन्झाइम बिघडलेलं असलं की बी-पेशी घडतच नाहीत. मग बी-पेशींच्या कॅन्सरमध्ये हेच एन्झाइम बंद केलं तर? तेच काम इब्रुटिनिब करतं. बीटीकेच्या 481व्या जागेवर सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, तिथे ही गोळी कायमची चिकटते. मँटल सेलसाठी ती 2013 मध्ये मंजूर झाली. पेशीही काही कमी नाही : त्या एका जागी सिस्टीनऐवजी सेरीन आणते, आणि गोळीची पकड सुटते. मग तिथे न अडकता काम करणारं पिर्टोब्रुटिनिब आणावं लागलं.

डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये तर आणखी गंमत आहे. मायक्रोस्कोपखाली एकसारख्या दिसणाऱ्या या गाठी जनुकांच्या हालचालीवरून दोन वेगळ्या कुळांतल्या निघाल्या, हे 2000 साली कळलं. इब्रुटिनिब एकटं दिल्यावर एका कुळात शंभरातल्या 37 जणांना प्रतिसाद मिळाला, दुसऱ्यात पाच जणांना. आजाराचं नाव दोन्हीकडे तेच.

सर्वांत स्वस्त नेमका उपचार सांगू? पोटातला माल्ट लिम्फोमा. हेलिकोबॅक्टर हा जंतू जठराला सतत डिवचत राहतो, त्यातून हा होतो. 1993 मध्ये सिद्ध झालं, की नुसत्या अँटिबायोटिकनं जंतू घालवला तरी अनेकांचा लिम्फोमा विरतो. पण 11 आणि 18 या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असेल, तर बहुधा विरत नाही.

आता कार-टी. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, बी-पेशीवरचं सीडी19 ओळखणारं जनुक त्यांत घालायचं, वाढवायच्या आणि परत सोडायच्या. 2017 मध्ये अमेरिकेत लिम्फोमासाठी हा उपचार आला तेव्हा एका डोसची किंमत 3,73,000 डॉलर होती. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून नेक्सकार19 घडवलं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते ते सुरू झालं. किंमत परदेशाच्या मानानं बरीच कमी, तरी लाखांतच. आपल्या सभेतल्या किती जणांना ती परवडेल, हा प्रश्न मी टाळत नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. आणि कार-टीनंतरही काहींचा आजार उलटतो. त्यातल्या काहींच्या पेशींनी सीडी19 चक्क टाकून दिलेलं असतं.

आता माझ्या टेबलावर या. हॉजकिन लिम्फोमाची स्लाइड आहे. नजरेला दिसतात त्या बहुतेक साध्या, निरोगी पेशी. शंभरात एखाद-दुसरीच मोठी, दोन केंद्रकांची, घुबडासारखी रोखून बघणारी. रीड-स्टर्नबर्ग पेशी. कॅन्सर तेवढाच, बाकीची गर्दी तिनं जमवलेली. बारीक सुईनं चार थेंब ओढले आणि त्यात ती आलीच नाही, तर रिपोर्ट लिहिला जातो ‘सूज असावी’. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की आधी टीबी आठवतो, आणि टीबी असतोही पुष्कळदा. पण पुराव्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू होतात, महिने जातात, गाठ वाढतच राहते. म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढून पाठवा. मग मी सीडी20, सीडी30, सीडी3 अशी पेशींवरची प्रथिनं दाखवणारे रंग लावून सांगू शकते, की ती कोणाची आहे. सीडी30 निघालं तर त्याच्यावरचं ब्रेन्टुक्सिमॅब हे औषध 2011 पासून आहे.

तपासणीनंतर पॅराफिनचा ब्लॉक देतात, गाठीचा भाग बसवलेला बोटाच्या पेराएवढा मेणाचा तुकडा, तो फेकू नका. रिपोर्टच्या फाइलमध्येही खुपसू नका, उन्हात वितळतो. आणि आजार उलटला तर पुन्हा बायोप्सी सांगितली जाते, तेव्हा घरचे वैतागतात : ‘एकदा केली होती ना?’ केली होती, पण त्या वेळच्या गाठीची. संथ फॉलिक्युलर दरम्यान आक्रमक झालेला असू शकतो, सीडी20 गेलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर जुन्या रिपोर्टवर लिहिलेलं महागडं इंजेक्शन पाण्यात.

चला, आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या आल्यात, मागे बसलेल्यांनीही पाठवा.