स्टाइन्शेर ते नॉर्डकाप: नॉर्वेच्या किनाऱ्यावरून १६०० किलोमीटर सायकलने

नमस्कार. उत्तर युरोपात लांबची सायकल सफर करायची म्हटली की बहुतेक जण नकाशा उघडतात, रोजचे ऐंशी किलोमीटर धरून एकूण अंतराला भागतात आणि विमानाचं तिकीट काढून मोकळे होतात. डेन्मार्क किंवा नेदरलँड्समध्ये हे जमून जातं. नॉर्वेत नाही जमत. तिथे आज किती जायचं हे तुमचे पाय कमी ठरवतात. बोगदे, फेरीबोटी आणि वारा जास्त ठरवतात. म्हणून आज आपण आधी बोगदे मांडू, मग बोटी, मग दिवस. सायकल आणि सामान त्यानंतर.

[पडद्यावर नकाशा: नॉर्वेचा पश्चिम किनारा, मार्ग लाल रेघेत]

मार्ग आधी बघून घ्या. ट्रोंडहाइमहून रेल्वेने स्टाइन्शेर. तिथून १७ नंबरचा किनारी रस्ता थेट बोडोपर्यंत, साधारण ६५० किलोमीटर. बोडोहून बोटीने लोफोटेन बेटांवर मोस्केनेसला. लोफोटेनमधून वर वेस्टेरोलेन, आंडेनेसहून बोटीने सेन्या बेट, मग ट्रॉम्सो, आल्टा आणि शेवटी नॉर्डकाप. यातला बराच भाग युरोवेलो १ या सायकल मार्गाचाच आहे. सायकलवरचं अंतर १६०० किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाण्याचं कारण म्हणजे या किनाऱ्यावर नैऋत्येचा वारा जास्त. पण उन्हाळ्यात हवा स्वच्छ असली की उत्तरेचा, ईशान्येचा वाराही सुटतो आणि दिवसचे दिवस तोंडावर येतो. त्यामुळे वारा पाठीशी असेलच असं धरून दिवस मोजू नका.

आता बोगदे. नॉर्वेत बोगद्यांचे तीन प्रकार मनात ठेवा: सायकलला बंद असलेले, खुले पण त्रासाचे, आणि ज्यांच्या बाहेरून जुना रस्ता जातो असे. तिसरे सगळ्यात सुंदर. नवा बोगदा बांधून झाल्यावर समुद्राच्या कडेचा जुना रस्ता बऱ्याच ठिकाणी सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी ठेवलेला असतो. मात्र दरडींमुळे तो कधीकधी बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करायची.

बंद बोगद्यांत या मार्गावरचा मोठा म्हणजे १७ नंबरच्या रस्त्यावरचा स्वार्तिसेन बोगदा, लांबी ७.६ किलोमीटर. फोनवरचं नकाशा ॲप गाडीचा मार्ग दाखवत असेल तर ते तुम्हाला सरळ त्याच्या तोंडाशी नेऊन उभं करेल. सायकलवाल्याने फोरॉयला बोटीतून उतरल्यावर वासडाल्सविक गाठायचं आणि तिथून ओर्नेसची बोट धरायची. या बोटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, शनिवार-रविवारी आणखी कमी. म्हणून या एका बोटीची वेळ धरून मागचे दोन दिवस आखा. एंगाब्रेन ही हिमनदी बघायची असेल तर ती बोगद्याच्या अलीकडे आहे. बघून परत मागे यावं लागतं, तेव्हा तिच्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढा. काढाच, कारण समुद्राच्या इतक्या जवळ उतरलेली हिमनदी युरोपच्या मुख्य भूमीवर क्वचितच दिसते.

खुल्या बोगद्यांत सगळ्यात अवघड शेवटी येतो. १९९९ मध्ये सुरू झालेला नॉर्डकाप बोगदा. लांबी ६.९ किलोमीटर, समुद्रसपाटीखाली २१२ मीटर. उतार-चढ ९ टक्क्यांच्या आसपास. आधी थंड हवेत दोन किलोमीटरहून जास्त उतार, तळाशी पोचेपर्यंत अंग गार, आणि लगेच तेवढाच चढ. म्हणून जाकीट आणि हातमोजे बोगद्याच्या तोंडाशीच घाला. तळाला थांबून जाकीट काढा, मग चढा. जाकीट घालून चढलात तर घामाने आतले कपडे भिजतात आणि बाहेरचा वारा लागला की थंडी हाडात शिरते. पलीकडे होनिंग्सवोगच्या आधी ४.४ किलोमीटरचा आणखी एक बोगदा आहे, तेव्हा अंगात थोडा जोर राखून ठेवा. वेळ निवडायची तर पहाटेची. मध्यरात्रीचा सूर्य बघायला जाणाऱ्या पर्यटक बस संध्याकाळी उशिरा याच रस्त्याने जातात.

कुठल्याही बोगद्यात शिरण्याआधी एक मिनिट थांबा. गॉगल काढा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मागे दोन लाल दिवे, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा. पुढे निदान २०० लुमेनचा दिवा. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. आत ट्रकचा आवाज भिंतींवर आपटून इतका वाढतो की तो पुढून येतोय की मागून, कळत नाही. घाबरून कडेला वळू नका, सरळ रेषेत चालवत राहा. काही बोगद्यांच्या तोंडाशी बटण असतं. ते दाबलं की आत सायकलस्वार आहे असा दिवा गाड्यांना दिसतो. बटण असेल तिथे न दाबता पुढे जाऊ नका. कुठला बोगदा बंद, कुठला खुला, ही माहिती नॉर्वेचा रस्ते विभाग स्टाटेन्स वेगवेसेन देतो.

बोटींचं गणित सोपं आहे. स्टाइन्शेर ते बोडो या टप्प्यात रस्त्याचाच भाग असलेल्या सहा फेऱ्या येतात. त्यातली किल्बोगहाम्न ते येक्तविक ही तासाभराची, आणि तिच्यावरच तुम्ही आर्क्टिक वृत्त ओलांडता. गाड्या नेणाऱ्या बहुतेक बोटींवर सायकलवाल्याला तिकीट नसतं, वेगवान प्रवासी बोटींवर असतं. वेळा एन्टुर या ॲपवर बघा, पण तारीख टाकून. रविवारचं आणि सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक वेगळं असतं. आंडेनेस ते ग्रिलेफ्योर ही बोट फक्त उन्हाळ्यात चालते. ती नसेल तर मार्गच बदलतो.

एक गोष्ट कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेली नसते: बोट लागली की सगळ्या गाड्या एकामागे एक बाहेर पडतात. त्यांच्या पुढे धावू नका. धक्क्यावर पाच-सात मिनिटं थांबा, पाणी भरा. तो तांडा गेला की पुढची बोट येईपर्यंत रस्ता जवळजवळ रिकामा असतो.

आता दिवस. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल हा समज सोडा. फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, कडेने वरखाली करत शंभर किलोमीटरला ८०० मीटर चढ सहज होतो. सामानासह सरासरी ६० किलोमीटर धरा, म्हणजे २७ दिवस. दर सहा दिवसांमागे एक दिवस वाऱ्या-पावसासाठी, म्हणजे आणखी ५. दोन टोकांना सायकल जोडायला आणि खोलायला एकेक. झाले ३४. हे राखीव दिवस लोक सर्वात आधी कापतात, आणि मग आल्टाच्या पुढे सेन्नालांदे या उघड्या पठारावर वादळी वाऱ्यात निघावं लागतं. तिथे आडोशाला झाड नाही. हवामान यर या नॉर्वेजियन सेवेवर बघा, आणि तापमानाआधी वाऱ्याचा वेग आणि झोत बघा. झोत सेकंदाला १५ मीटरच्या वर असेल तर भरलेल्या पॅनियरची, म्हणजे कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या पिशव्यांची, सायकल पुलावर सरळ राहत नाही. त्या दिवशी तंबूत बसा.

[पडद्यावर: गिअरचा हिशेब]

सायकलकडे वळू. आपल्याकडच्या बऱ्याच रोड बाइकवर पुढच्या दोन चकत्यांना (चेनरिंगना) ५० आणि ३४ दाते, आणि मागच्या चकत्यांच्या संचाला (कॅसेटला) ११ ते ३४ दाते असतात. सर्वात हलका गिअर ३४ ला ३४, म्हणजे एकास एक. चालवणारा, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो धरा. ९ टक्के चढावर मिनिटाला ६० पायडल मारायचे तर या गिअरमध्ये साधारण २१५ वॅट लागतात. पुढे २६ आणि मागे ३६ असेल तर तोच चढ दीडशे-एकशेसाठ वॅटमध्ये होतो, ताशी साडेपाच किलोमीटरने. पहिल्या दिवशी २१५ निघतात. विसाव्या दिवशी, पाऊस अंगावर घेत निघत नाहीत, आणि गुडघे तिथेच जातात. खर्च कुठे करायचा विचाराल तर महागड्या फ्रेमवर नको, पुढच्या लहान चेनरिंगवर आणि मागच्या चाकावर करा.

मागचं चाक का? कारण वजन तिथे असतं आणि स्पोक तिथलेच तुटतात. स्पोक खड्ड्याने एकदम तुटतो असं कमी वेळा होतं. ताण कमी-जास्त असलेला स्पोक प्रत्येक फेरीत सैल होतो, ताणला जातो आणि हजार किलोमीटरने मानेशी तुटतो. म्हणून ३६ स्पोकचं चाक घ्या, जाणत्या मेकॅनिककडून सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून घ्या, सामानासह ३०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा तपासून घ्या. सोबत कॅसेटच्या बाजूच्या मापाचे तीन स्पोक ठेवा. शिवाय तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो धातूचा तुकडा), चेनचे दोन जोड, ब्रेक पॅडचे दोन संच, दोन ट्यूब, आणि कॅरिअरचे एम-५ बोल्ट चार. हे बोल्ट हादऱ्याने सैल होतात, दर तीन दिवसांनी आवळा. डिस्क ब्रेक असेल तर धातूमिश्रित पॅड पावसात जास्त टिकतात, फक्त तुमची डिस्क त्यांना चालते का ते बघून घ्या. टायर ४० मिलिमीटर, मागे ५० पीएसआय, पुढे ४०.

सामान १८ किलोच्या आत. मागच्या पॅनियरमध्ये साठ टक्के, पुढच्यात चाळीस. सगळं मागे लादलं तर चढावर पुढचं चाक हलकं पडून भरकटतं.

पावसाबद्दल एक गैरसमज आहे. जुलैत ताम्हिणी किंवा माळशेजमध्ये दिवसभर भिजून सायकल चालवणाऱ्यांना वाटतं, पावसाची आपल्याला सवय आहे. सह्याद्रीतला पाऊस बावीस अंशांचा. तिथला आठ-दहा अंशांचा, वाऱ्यासकट. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही. पाणी न शिरणारे हातमोजे आणि बुटांवरची कव्हरं यांना पर्याय नाही. रात्री घालायचे लोकरी कपडे कोरड्या पिशवीत बांधून ठेवा आणि दिवसा काही झालं तरी उघडू नका. स्लीपिंग बॅग शून्य अंशापर्यंत आरामात झोपता येईल अशी. तंबू खुंट्यांशिवाय स्वतः उभा राहणारा, कारण लोफोटेनमध्ये वीतभर मातीखाली खडक लागतो. डोळ्यांवर पट्टी घ्या, रात्र होतच नाही.

मुक्कामासाठी १९५७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे: मोकळ्या, न कसलेल्या जमिनीवर, जवळच्या घरापासून १५० मीटर लांब, एका जागी दोन रात्रींपर्यंत तंबू टाकता येतो. लोफोटेनमध्ये काही ठिकाणी मनाईचे फलक आहेत, ते पाळा. गर्दीने तिथली गवताळ जमीन खरोखर उघडी पडली आहे. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ शेकोटीला बंदी असते. दर चार-पाच दिवसांनी कॅम्पिंगच्या जागेवरची लाकडी खोली, म्हणजे ह्युत्ते, घ्या आणि सगळं वाळवा.

खाण्याचं: दिवसाला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी लागतात. दुकानं रविवारी बहुतेक बंद, म्हणून शनिवारी दुपारी दोन दिवसांचं भरा. ओट्स, कुरकुरीत राय ब्रेड, ब्रुनोस्ट हे गोडसर तपकिरी चीज, डब्यातली कडधान्यं सगळीकडे मिळतात. नळाचं पाणी पिण्याजोगं. भारतातून पोहे, मेतकूट, उपम्याचं कोरडं मिश्रण न्या. तूप, खवा, दूध पावडर, मांस नेऊ नका. युरोपबाहेरून ते आणायला परवानगी नाही. गॅसची कॅन विमानात चालत नाही, ती तिथेच घ्या. पॉवर बँक १०० वॉट-अवरच्या आतली, हातातल्या बॅगेत.

व्हिसा शेंगेन, १८० दिवसांत ९० दिवस. सर्वाधिक मुक्काम नॉर्वेत म्हणून अर्ज नॉर्वेकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यातल्या गर्दीमुळे मार्चमध्येच भेटीची वेळ घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात सायकल प्रवास वगळलेला नाही ना, हे अटींत वाचा. तंबूच्या प्रवासात हॉटेलचं बुकिंग रोजचं नसतं. सुरुवातीचे, शेवटचे आणि मधले काही मुक्काम बुक करा आणि बाकी दिवसांचा गाव, अंतर, बोट असा तक्ता जोडा. वर आपण बोटींपासून केलेली आखणी इथे जशीच्या तशी कामी येते.

परतीचा विचार निघण्याआधी करा. नॉर्डकापला रस्ता संपतो आणि पुढे काही नाही. होनिंग्सवोगला मागे या, तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या किनारी जहाजात सायकलसह चढा. पहाटे निघालेलं जहाज रात्री उशिरा ट्रॉम्सोला लावतं. ट्रॉम्सोच्या सायकल दुकानाला आठवडाभर आधी कळवून पुठ्ठ्याचं खोकं राखून ठेवा. ऐन वेळी ते मिळत नाही. आणि खोक्यात घालताना डिरेलर हँगरवरून सोडवून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) बांधा, पुढच्या फोर्कमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा बसवा, डिस्कच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. तो नसला आणि ब्रेकचा दांडा प्रवासात दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात.