हीट पंप हीटर ठेवायचा कुठे?

जरा इथे हात धरून बघा, जाळीसमोर. गार लागतंय ना? पाणी तापवायचं मशीन आणि हवा गार, नवीन माणूस हमखास विचारतो की बिघडलंय का. नाही, मशीन ठणठणीत आहे. साधा गीझर विजेनं कॉइल तापवतो, हा हीट पंप हीटर आजूबाजूच्या हवेतली ऊब ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो, वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला, म्हणून १ युनिट विजेत साधारण २ ते ३ युनिट उष्णता पाण्याला मिळते.

पण ऊब हवेतून घ्यायची तर हवा नको का? इथेच लोक चुकतात, आणि खरंच वाईट वाटतं बघून. जुना गीझर जिन्याखालच्या कपाटात होता तर हाही तिथेच कोंबायचा, वर दार लावून टाकायचं. मग आतली हवा बघता बघता गार होते, मशीन आपणच सोडलेली गार हवा परत ओढत बसतं, पाणी काही लवकर तापत नाही आणि शेवटी मदतीला म्हणून आत दिलेली विजेची कॉइल चालू होते, म्हणजे एवढा खर्च करून घरात आला तो साधा गीझरच!

साधारण १००० घनफूट हवा लागते. १० बाय १२ ची खोली, ९ फूट उंच, एवढं डोळ्यासमोर आणा. जागा लहान असेल तर दाराला वर-खाली जाळी बसवा, नाहीतर डक्ट टाकून हवा बाहेरून घ्या. जागेचं तापमान वर्षभर ४ ते ३२ अंशात राहिलं तर उत्तम. मला विचाराल तर कपडे धुवायची खोली झकास, कारण हा हवेतली ओलही काढतो. फक्त थंड प्रदेशात, जिथे खोल्या हीटरनं गरम ठेवतात, तिथे राहत्या खोलीत लावू नका, पैसे देऊन गरम केलेली हवाच हा पिऊन टाकेल.

आता खाली वाकून ही बारीक नळी बघा. थेंब थेंब पाणी पडतंय, हे हवेतलंच पाणी, म्हणून जवळ मोरी किंवा ड्रेन हवंच. आवाज ४५ ते ५५ डेसिबल, त्यामुळे झोपायच्या खोलीची भिंत टाळा. पण बाथरूमपासून फार लांबही नको, १५ मिलिमीटरच्या १० मीटर पाइपात जवळपास पावणेदोन लिटर पाणी उभं असतं आणि दरवेळी गरम पाणी येईपर्यंत तेवढं वाया जातं.

जमीन पक्की आहे ना ते बघा, २०० लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच २०० किलो. आणि हवेचा फिल्टर वरच्या बाजूला असेल तर छताखाली हात जाईल एवढी जागा सोडा, तो काढून धुवायचा असतो.