आधी वाचक, मग निविदा

(दृश्य : टेलिफोनशेजारची वही, अगदी जवळून)

बडोद्यात दांडिया बाजाराजवळची एक जुनी मराठी संस्था. खाली वाचनालय, वर सभागृह, मागच्या खोलीत संध्याकाळी मुलांचे वर्ग. ही वही कायम टेलिफोनशेजारी असते. फोन आला की ग्रंथपालबाई रेघ ओढतात. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. 'हॉल कधी मोकळा आहे?' या ओळीतल्या रेघा समासाबाहेर गेल्या आहेत. खालोखाल 'आज वाचनालय कितीपर्यंत उघडं?' आणि 'वर्गाची फी किती?' या सगळ्याची उत्तरं संस्थेच्या वेबसाइटवर मिळावीत, अशी अपेक्षा. तरी फोन थांबत नाहीत.

(दृश्य : जुनं मागणीपत्र, लाल पेन)

वेबसाइट नवी करायचं ठरलं, तेव्हा हे मागणीपत्र तयार झालं. वेबसाइटवाले याला आरएफपी म्हणतात. आपल्याकडे निविदा किंवा सरळ 'कोटेशन मागवलं' म्हणतात. यात काय मागितलंय बघा : सरकता बॅनर, फोटो गॅलरी, अध्यक्षांचं मनोगत, भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा, मोबाइल फ्रेंडली, आकर्षक डिझाइन. हॉल शोधणारा माणूस यात कुठेच नाही. यावर आलेल्या कोटेशनांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट, कारण 'आकर्षक' म्हणजे काय ते प्रत्येकानं आपापल्या मनानं ठरवलं. अशा वेळी समितीच्या हातात फक्त किंमत उरते, आणि सगळ्यांत स्वस्त ते घेतलं जातं.

या वेळी समिती थांबली. आधी वाचकांना वेबसाइट वापरताना बघायचं आणि मग मागणीपत्र लिहायचं, असं ठरलं. पैसे कमी असताना हा खर्च कशाला, हा प्रश्न बैठकीत आला. पण चुकीची वेबसाइट बांधून घेण्यापेक्षा महाग काही नसतं.

(दृश्य : वाचनालयातलं मोठं टेबल, आजींचा मोबाइल)

यूएक्स रिसर्च, म्हणजे माणसं एखादी गोष्ट कशी वापरतात ते बघणं, हे नाव भारी वाटतं, काम मात्र डोळ्यांसमोर घडणारं आहे. वाचकाच्या हातात त्याचा नेहमीचा मोबाइल, त्यावर जुनी वेबसाइट आणि एक काम : 'नातीच्या बारशासाठी हॉल हवाय, पुढच्या महिन्यातला मोकळा रविवार शोधा.' शोधताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. शेजारी बसलेली ही मुलगी लहानपणी याच संस्थेच्या वर्गात यायची. आता हेच काम नोकरी म्हणून करते. तिनं बघायचं, लिहायचं, आणि मदत करायची नाही. ते गप्प बसणं फार अवघड असतं.

आजी पहिल्या पानावर आहेत. बॅनरवर सभागृहाचा फोटो येतो. त्या अंगठा टेकवणार, तेवढ्यात फोटो सरकतो आणि दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाचं पान उघडतं. 'अगं, हे थांबतच नाही. दाबू कुठे?' मागे जातात, पुन्हा तेच. मग फोन खाली ठेवतात : 'मी आपली फोनच करते ना संस्थेत.' वहीतली रेघ कशी जन्माला येते, ती ही अशी.

अशी माणसं किती बसवायची? वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा २००० सालचा एक हिशेब या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे : पाच जणांना वापरताना बघितलं की वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी पुढे येतात. पण तो एकसारख्या वापरकर्त्यांचा हिशेब. इथे ज्येष्ठ वाचक वेगळे, पालक वेगळे, कॉलेजची मुलं वेगळी. म्हणून प्रत्येक गटातून तीन-चार जण बोलावले.

(दृश्य : टेबलभर पसरलेली कार्डं)

वेबसाइटवरच्या एकेका गोष्टीचं एकेक कार्ड. वाचकांनी एकत्र असावीत वाटतं ती एकत्र ठेवायची आणि गठ्ठ्याला नाव द्यायचं. जुन्या वेबसाइटवर सभागृह 'उपक्रम'खाली होतं. इथे बघा, भाडं, तारखा, मांडव, स्वयंपाकघराची सोय या सगळ्यांचा वेगळा गठ्ठा झाला आणि वर चिठ्ठी लागली, 'हॉल बुकिंग'.

कार्डं लावणारी ही मुलगी बारावीतली. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. कार्डावरची देवनागरी ती बोट ठेवून, सावकाश वाचते. मग विचारते, 'ताई, नाव गुजरातीत लिहू?' आणि भराभर लिहून मोकळी होते. बडोद्यात अशी मराठी घरं पुष्कळ आहेत. दुसऱ्या गावच्या संस्थेचं मागणीपत्र उतरवून घेतलं असतं, तर ही मुलगी त्यात आलीच नसती.

(दृश्य : मांडवी, सेंट्रल लायब्ररी, काचेच्या फरशा)

वाचकापासून सुरुवात करणं या शहराला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. मांडवीजवळच्या या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचतो. आणि ज्यांना शहरात येणं जमत नव्हतं, त्यांच्यासाठी पेट्यांत पुस्तकं भरून फिरती ग्रंथालयं गावोगाव जात.

(दृश्य : कार्यालय, कारकून काका)

वेबसाइट वापरणाऱ्यांत काकाही आले. हॉलच्या तारखा तेच सांभाळतात. कार्यक्रम ठरला की ते आधी फळ्यावर लिहितात, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. वेबसाइटवर टाकत नाहीत, कारण पासवर्ड जुन्या बनवणाऱ्याकडे आहे आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ताही, त्याच्याच नावावर. हे कळायला एक दुपार त्यांच्या शेजारी बसावं लागलं.

(दृश्य : नवं मागणीपत्र, पानं उलटताना)

हे नवं मागणीपत्र. सुरुवातीला वहीतल्या रेघा आणि आजींनी अडकून सोडून दिलेलं काम. मग अपेक्षा : पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला कोणाच्या मदतीशिवाय, मोबाइलवर, हॉलची मोकळी तारीख सापडली पाहिजे. ते कॅलेंडरनं साधायचं की साध्या यादीनं, हे बनवणाऱ्यानं सुचवायचं. मेनू मराठी आणि गुजराती दोन्हीत. शोध देवनागरी, गुजराती आणि रोमन, तिन्ही लिप्यांत चालावा. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक वेब सुलभतेच्या निकषाप्रमाणे किमान ४.५ : १. डोमेन आणि सगळे पासवर्ड संस्थेच्या नावावर. नवी तारीख काकांना स्वतः टाकता आली पाहिजे. बजेटची मर्यादा उघड लिहिलेली. आणि हे कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं : अर्धवट तयार वेबसाइट याच टेबलावर, याच वाचकांच्या हातात देऊन बघायची, आणि पुढचा हप्ता त्यानंतरच.

'सरकता बॅनर' या ओळीवर लाल रेघ आहे.

प्रस्ताव आले, या वेळी एकमेकांशी ताडून बघता आले, आणि काम सुरू झालं आहे.

संस्थेचं नाव काढून या मागणीपत्राचा कोरा नमुना समितीनं वाचनालयाच्या टेबलावर ठेवला आहे. शहरातल्या कुठल्याही मंडळाला तो नेता येईल. सोबत कार्डांचा एक संच आणि वहीचं एक रिकामं पानही आहे.