सहा वेळा दुसरा आलेला योप झूटेमेल्क लोकांना एवढा का आवडतो?

1 सप्टेंबर 1985, इटलीतलं जिआव्हेरा देल मोन्तेल्लो. सायकलिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची रोड रेस संपत आलीये, पुढच्या ग्रुपमध्ये अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आहे, इटलीचा मोरेनो अर्जेंतिन आहे, आणि सगळे एकमेकांवर डोळा ठेवून, की आधी कोण सुटतोय. तेवढ्यात एक जण सरळ पुढे निघून जातो. मागचे ‘तू पकड, मी नाही’ करत बसतात आणि हा लाइन पार करून मोकळा! वय 38. एवढ्या वयात पुरुषांमध्ये कोणीच रोडचा वर्ल्ड चॅम्पियन झालेला नाही. मी हा शेवट कितीदा बघितलाय, दरवेळी अंगावर काटा येतो.

हा नेदरलँड्सचा योप झूटेमेल्क. डचमध्ये आडनावाचा अर्थ चक्क गोड दूध, पण करिअरभर बिचाऱ्याला दुधाची तहान ताकावर भागवावी लागली, कारण टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या सगळ्यात मोठ्या सायकल रेसमध्ये, तो सहा वेळा दुसरा आला. आधी समोर बेल्जियमचा दिग्गज एडी मर्क्स, नंतर फ्रान्सचा दिग्गज बर्नार इनो! झूटेमेल्कवर जोकच होता, की हा उन्हाने रापत नाही कारण कायम मर्क्सच्या सावलीत असतो. आता बघा, दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवली की वारा कमी लागतो, ताकद वाचते, आणि हा तेच करतो म्हणून लोक त्याला नावं ठेवायचे. पण मर्क्स घाटात सुटल्यावर त्याच्या मागे टिकणारे होते तरी किती?

आणि 1974 विसरू नका. त्या वर्षी पॅरिस-नीस ही फ्रान्समधली अनेक दिवसांची रेस जिंकली, आणि मग मिदी लिब्र रेसमध्ये तो उभ्या कारवर आदळला, कवटी फ्रॅक्चर, पुढे मेनिंजायटिस. माणूस वाचला हेच खूप होतं. पण 1975 मध्ये पुन्हा पॅरिस-नीस जिंकून दाखवली.

1979 च्या टूरमध्ये डोपिंग टेस्टमध्ये सापडला, एकूण वेळेत 10 मिनिटांची पेनल्टी बसली, तेही सांगायलाच हवं.

मग आली 1980 ची टूर. गुडघ्याच्या दुखण्याने इनोने पो गावातून रेस सोडली, तेव्हा यलो जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असलेल्याची जर्सी, त्याच्याच अंगावर होती. आता पहिला नंबर झूटेमेल्कचा, पण दुसऱ्या दिवशी त्याने ती जर्सी घातलीच नाही, इनोचा मान राखला. शेवटी टूर जिंकला तर लोक म्हणाले आयती मिळाली. मला हे अजिबात पटत नाही, तीन आठवडे शरीर टिकवणं हीच तर टूर आहे ना! आणि हा माणूस 16 टूर खेळला आणि सोळाच्या सोळा पूर्ण केल्या, एकही अर्ध्यात सोडली नाही. डच लोकांचा जीव जडला तो ह्याच्यावर. यान यानसननंतर टूर जिंकणारा तो दुसराच डच पुरुष, तिसरा अजून झालेला नाही.

1987 मध्ये चाळिशीत त्याने घरची अ‍ॅमस्टेल गोल्ड रेस जिंकली, आणि त्याच वर्षी रिटायर झाला.