गठ्ठे, गुण आणि रकाने : अमेरिकी लॉ स्कूलमधल्या प्रवेशाचा वाद

(दृश्य : टेक्सास विद्यापीठाची जुनी इमारत, ऑस्टिन)

१९४६. हेमन स्वेट या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्यानं इथल्या लॉ स्कूलमध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या कायद्याच्या शाळेत, अर्ज केला. गुणांची अडचण नव्हती, आड आला तो वर्ण. कोर्टात प्रकरण गेल्यावर राज्यानं कृष्णवर्णीयांसाठी घाईघाईनं वेगळं लॉ स्कूल काढलं. 'वेगळं पण समान' हा तेव्हाचा कायदा होता, म्हणून १९५०च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयानं सरळ मोजमापच मांडलं. नव्या शाळेत ५ पूर्णवेळ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, सुमारे १६,५०० पुस्तकं. जुन्या शाळेकडे १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,०००हून जास्त पुस्तकं. पुस्तकं विकत आणता येतात, पण शाळेचं नाव आणि बड्या पदांवरचे माजी विद्यार्थी कुठून आणणार? शिवाय ज्या वकील-न्यायाधीशांसमोर उभं राहायचं, तेच वर्गात नसतील तर ते शिक्षण कसलं? स्वेट जिंकला.

दार उघडलं, वर्ग मात्र जवळपास गोराच राहिला. एलसॅट ही प्रवेश परीक्षा १९४८पासून सुरू झाली होती. तिचे गुण आणि पदवीचे गुण एकत्र करून आकडा काढायचा, हा रिवाज पडला. साठच्या दशकाच्या अखेरीस शाळांनी अल्पसंख्य गटांना मुद्दाम जागा द्यायला सुरुवात केली.

(दृश्य : टेबलावर अर्जांचे दोन गठ्ठे)

आपल्याकडच्यासारखी प्रवर्गनिहाय यादी इथे डोळ्यांसमोर आणू नका. खरा वाद होता तो अर्ज कोण वाचतं आणि कशाशेजारी ठेवून वाचतं, याचा.

१९७१, वॉशिंग्टन विद्यापीठ, सिअ‍ॅटल. दीडशे जागांसाठी सुमारे सोळाशे अर्ज. मार्को डिफ्युनिस या गोऱ्या अर्जदाराचा आकडा ७६.२३. त्याला नकार मिळाला आणि तो कोर्टात गेला. साधारणपणे ७४.५च्या खालचे अर्ज समितीचा अध्यक्षच बाजूला काढायचा. कृष्णवर्णीय, चिकानो (मेक्सिकन वंशाचे अमेरिकी), मूळ अमेरिकी आणि फिलिपिनो अर्जदारांना मात्र ही चाळणी नव्हती. त्यांचे अर्ज वेगळे वाचले जात. त्यांतल्या ३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला आणि ३६ जणांचा आकडा डिफ्युनिसपेक्षा कमी होता. पण या गटांबाहेरच्या आणखी ४८ जणांनाही त्याच्याहून कमी आकड्यावर जागा मिळाली होती, त्यांतले २३ सैन्यातून परतलेले. हा तपशील सांगताना सहसा गाळला जातो. खालच्या कोर्टाच्या हुकुमानं डिफ्युनिस आत आला होता. १९७४मध्ये तो शेवटच्या सत्रात असल्यामुळे खटल्यात अर्थ उरला नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मूळ प्रश्न, वर्णावरून असा फरक करता येतो का, तो टाळला.

चार वर्षांनी अ‍ॅलन बाकी या गोऱ्या अर्जदाराच्या खटल्यात तो टाळता आला नाही. तिथे प्रश्न वैद्यकीय महाविद्यालयाचा होता : १००पैकी १६ जागा अल्पसंख्यांसाठी राखीव. राखीव जागा अवैध ठरल्या. वर्णाचा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचार चालेल, असं ठरलं.

टेक्सासच्या लॉ स्कूलनं हे ऐकलं, पण यंत्रणा जुन्याच वळणाची ठेवली. १९९२मध्ये तिथे एलसॅटचे गुण अधिक पदवीच्या सरासरीची दहापट, असा निर्देशांक होता. गोऱ्या अर्जदारासाठी १९९ म्हणजे जवळपास प्रवेश, १९२ म्हणजे जवळपास नकार. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकनांसाठी हेच आकडे १८९ आणि १७९. म्हणजे १८९वर एकाला होकार, दुसऱ्याला नकार. अर्जांना वर्णानुसार रंगाच्या खुणा, वाचायला निराळी उपसमिती. असं कागदावर लिहून ठेवल्यावर कोर्टात बचाव करणं कठीणच. १९९६मध्ये, नकार मिळालेल्या शेरिल हॉपवूड या गोऱ्या अर्जदाराच्या खटल्यात अपील न्यायालयानं वर्णाचा विचारच बंद केला. १९९७च्या जवळपास पाचशेंच्या नव्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी होते ४; आदल्या वर्षी ३१. कॅलिफोर्नियानं १९९६मध्ये मतदानानं असाच बंदीचा कायदा केला आणि १९९७मध्ये बर्कलीच्या लॉ स्कूलच्या नव्या वर्गात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला. त्याला प्रवेशही आदल्या वर्षी मिळालेला होता.

(दृश्य : मिशिगन लॉ स्कूल, अ‍ॅन आर्बर)

मिशिगननं धडा घेतला. सुमारे साडेतीनशे जागांसाठी साडेतीन हजार अर्ज. वेगळा गठ्ठा नाही, ठरलेले जादा गुण नाहीत, प्रत्येक अर्ज पूर्ण वाचायचा, आणि अल्पसंख्यांची 'पुरेशी संख्या' साधायची. ती किती, हे मुद्दाम लिहिलेलं नव्हतं. समिती मात्र वर्णनिहाय आकड्यांचे रोजचे तक्ते पाहत असे, यावर विरोधी न्यायाधीशांनी बोट ठेवलं. २००३मध्ये, नकार मिळालेल्या बार्बरा ग्रटर या गोऱ्या अर्जदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी हे धोरण टिकलं. पंचवीस वर्षांनी याची गरज उरू नये, अशी अपेक्षा न्या. सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिली.

तेवढी वर्षं मिळाली नाहीत. २९ जून २०२३ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वर्णाचा विचार करण्याची ही वाट बंद केली. वर्णामुळे आयुष्यात काय सोसलं, हे अर्जदार निबंधात लिहू शकतो. श्रेय द्यायचं ते त्याच्या धैर्याला, वर्णाला नाही. अर्जातला वर्णाचा रकाना झाकला, तरी निबंध वाचणाऱ्याला वर्ण कळतोच. निबंधाआडून जुनी पद्धत चालवू नका, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालातच बजावलं. हार्वर्ड लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात २०२३ला ४३ कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, २०२४ला १९.