फ्रोझन पिझ्झा आणि बिडाचा तवा

नमस्कार श्रोतेहो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या दुकानांत डीप फ्रीझर उघडला की मटार-मक्याच्या पिशव्यांशेजारी आता फ्रोझन पिझ्झा दिसतो. मुलं हट्टानं आणायला लावतात. घरी भाजला की मात्र बूड ओलसर, कडा कडक आणि चीज चिवट, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा याचं कारण पाणी. गोठलेल्या पिझ्झ्यात बर्फ असतो, त्याचं पाणी होतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ते बेसमध्ये मुरतं.

म्हणून दुकानात पाकीट आधी हातानं चाचपा. तळ सपाट आणि दगडासारखा कडक हवा. चीज एका बाजूला गोळा झालंय, आत बर्फाचा चुरा खुळखुळतोय, असं जाणवलं तर तो पिझ्झा मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय. ते पाकीट परत ठेवा. मग मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. चीजच्या जागी ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द दिसला तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी सहसा वनस्पती तेल असतं. माझं मत विचाराल तर नुसता चीज-टोमॅटोचा साधा पिझ्झा घ्यावा. पाकिटातली सिमला मिरची आणि मशरूमच सर्वांत जास्त पाणी सोडतात.

दुकानापासून घर तासभर लांब असेल तर पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यातून न्या. मासळीचा खोका नको, चीजला वास लगेच लागतो. घरी फ्रीझर उणे १८ अंशांवर हवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा फ्रीझरमध्ये एका वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. परगावाहून आल्यावर नाणं खाली बुडालेलं दिसलं तर तुमच्यामागे सगळं वितळून गेलं होतं, असं समजा. तो पिझ्झा मग खाऊ नका.

आता भाजणी. आपल्या घरात यासाठी उत्तम वस्तू आधीपासून आहे: बिडाचा तवा. ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, मावणारा सपाट तवा घ्या. खोलगट असेल तर गोठलेला पिझ्झा कडांवर टेकतो आणि मधे अधांतरी राहतो. तवा आत ठेवून ओटीजी २३० अंशांवर २५ मिनिटं तापवा. पिझ्झा फ्रीझरमधून थेट तव्यावर जाऊ द्या, बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका. बिडात साठलेली उष्णता तळातल्या पाण्याची लगेच वाफ करते. १० ते १२ मिनिटं, आणि शेवटची २ मिनिटं फक्त वरची कॉइल.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा हे वेळेचं गणित चुकतं. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळत असतील तर कॉइलची ताकद जेमतेम ६० टक्के उरते. अशा वेळी तवा ४० मिनिटं तापवा, आणि घड्याळापेक्षा चीजकडे बघा. त्यावर तांबूस ठिपके आले की झालं.

ओटीजी नसेल तर गॅसवर. तवा मध्यम तापवून आच बारीक करा, पिझ्झा ठेवून झाकण घाला, ८ ते १० मिनिटं. झाकणाच्या आतली वाफ दोनदा पुसा, नाहीतर थेंब पिझ्झ्यावरच पडतात. चीज वितळलं की झाकण काढून २ मिनिटं तळ कुरकुरीत होऊ द्या.

वर काय घालायचं? घाला, पण कोरडं करून. ७ इंची पिझ्झ्याला १० लहान कोळंब्या पुरतात. सोलून, धागा काढून, हळद-मीठ लावून त्या आधी परता. सुटलेलं पाणी आमटीत घाला आणि कोळंबी शेवटच्या ४ मिनिटांतच पिझ्झ्यावर ठेवा, नाहीतर ती रबरासारखी होते. ओले काजूगर मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं उकडून, पुसून घ्या. टोमॅटोच्या बिया काढा. चीज वाढवायचं तर मोझरेला, ३० ग्रॅम. क्यूबचं प्रोसेस्ड चीज वितळतं, पण त्याला तार सुटत नाही. लसूण कच्ची घातली तर करपून कडू होते, म्हणून चमचाभर तेलात मंद परतून पिझ्झा उतरवल्यावर घाला. दारात सब्ज्याचं रोप असेल तर त्याची ४-५ पानं तेव्हाच चुरडा. इटलीतली बेसिल आणि आपला सब्जा ही एकाच जातीची वनस्पती आहे, वास तेवढा थोडा निराळा.

उतरवलेला पिझ्झा ताटात ठेवू नका, खाली वाफ कोंडते. जाळीवर २ मिनिटं ठेवा, मग कापा. आपल्या दमट हवेत तो लवकर मऊ पडतो, म्हणून पानं आधी वाढून ठेवा. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी त्याच तव्यावर, बारीक आचेवर, झाकण न घालता ४ मिनिटं गरम करा.