कुंतीचा बहर आणि आपली कात्री

मंडळी, कुंती या पांढऱ्या, सुवासिक फुलांच्या झुडपाबद्दल मला सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, 'झाड हिरवंगार आहे हो, पण फुलतच नाही.' अशा वेळी मी आधी एवढंच विचारतो, की कात्री कधी चालवता?

कारण ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली. कुंपण भिंतीसारखं सरळ हवं म्हणून दर महिन्याला शेंडे छाटत राहिलो. एका सकाळी खाली पडलेला शेंडा उचलून पाहिला, तर टोकाला मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचा झुबका! फार वाईट वाटलं. कुंतीची फुलं नव्या फुटीच्या टोकाशी येतात. सतत शेंडे खुडले की बहर कात्रीतच जातो. म्हणून एक बहर ओसरला की लगेच हलकी छाटणी करा आणि मग पुढच्या बहरापर्यंत झाडाला हात लावू नका.

कुंतीला इंग्रजीत 'मॉक ऑरेंज'ही म्हणतात, पण त्या नावाने रोप घेताना जरा जपून. थंड प्रदेशात याच नावाने फिलाडेल्फस विकतात. तो हायड्रेंजियाच्या कुळातला, पानगळीचा. फुलाला बहुधा चार पाकळ्या, आणि त्याला चांगली थंडी लागते. त्याची फुलं गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, त्यामुळे हिवाळ्यात छाटलात तर त्या वर्षीची फुलं गेलीच म्हणून समजा. कुंतीला पाच पाकळ्या, आणि ती लिंबाच्या कुळातली. पान उजेडासमोर धरा, टाचणीने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. संत्र्याच्या फुलासारखा तो दरवळ या नात्यातूनच आला आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

पण या नात्याची दुसरी बाजूही आहे. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला ही बारीक कीड कुंतीच्या कोवळ्या पालवीवरही वाढते. शेजारी संत्र्या-मोसंबीची बाग असेल तर तिथे कुंती लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऊन भरपूर हवं. सावलीत झाड जगतं, पण फुलं थोडी. मुळाशी पाणी साचू देऊ नका. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुतेक वेळा लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होतं. थोडा ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, मग भरपूर पाणी दिलं, की झाड एकदम बहरतं. पहिल्या जोरदार पावसानंतर कुंती पांढरी होते, ती यामुळेच. पाकळ्या मात्र एक-दोन दिवसांत गळतात.

रोप करायचं असेल तर पिकलेलं लाल फळ घ्या, गर धुऊन काढा आणि बी लगेच पेरा. वाळवून ठेवलेलं बी फार टिकत नाही. फुलं लवकर हवी असतील तर सरळ गुटी बांधा, म्हणजे झाडावरच्याच फांदीची थोडी साल काढून, तिथे ओलं शेवाळ किंवा माती बांधून मुळं फुटू द्या.